व्हल्चरचं दुखणं विजेचं

एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या गेममध्ये 'ईगल हे जहाज सगळ्यात चपळ, म्हणून डॉगफाइटला (जवळून होणाऱ्या लढाईला) तीच घ्या' हे मत मला अर्धंच पटतं. ईगल वळते झकास, पण तिच्या तीन छोट्या तोफांनी मोठ्या जहाजावर नुसते ओरखडे उठतात. व्हल्चर या दुसऱ्या जहाजाला हार्डपॉइंट (शस्त्रं बसवायच्या जागा) दोनच, पण दोन्ही मोठे, आणि वळायलाही ती जड नाही. दुखणं एकच: पॉवर प्लांट (वीज पुरवणारा भाग) जेमतेम चौथ्या क्लासचा, म्हणजे आकाराने लहान. शील्ड (संरक्षक कवच), ते वाढवणारे बूस्टर आणि दोन मोठे लेझर एकदम चालू केले की वीज पुरत नाही. मी तर वीज वाचवायला कार्गो हॅच (मालाचं दार) सुद्धा बंद ठेवतो. वेगात मात्र वायपर मार्क ३ तिला सहज मागे टाकते, म्हणजे पळणारा हातातून सुटलाच. आणि हो, वळताना थ्रॉटल (वेगाचं नियंत्रण) वेगमापकावरच्या निळ्या पट्ट्यात ठेवा. फुल थ्रॉटलवर ईगलसुद्धा म्हशीसारखी वळते!