मधल्या सुट्टीत तुमच्या डब्यात कोण कोण होतं?

चाळकरीण
लेकीच्या शाळेतून काल निरोप आला, डबा एकमेकांना द्यायचा नाही. ॲलर्जीचं कारण आहे, पटतंही. पण मला आमची दादरची शाळा आठवली. ट्रस्टची, मराठी माध्यमाची, फी बेताची. मधली सुट्टी झाली की बाकं सरकवून गोल करायचो. माहीमच्या कोळीवाड्यातली मैत्रीण जवळ्याची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी आणायची. वरळीच्या बीडीडी चाळीतली पद्मशाली मुलगी चिंचेचा भात (घरी तेलुगू, पण शुद्धलेखनात आमच्या पुढे). एक कच्छी मुलगी खाकरे. आमच्याकडे चातुर्मासात कांदाही बंद! जवळा मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे खाल्ला. डबा घासताना आईला वास आला. ओरडली नाही, पण तो डबा दहावीपर्यंत गॅलरीत राहायला गेला. लिहा तुमचेही.

लालबागी
गिरणीवाले आम्ही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सहावीत होतो. फी थकलेल्यांची नावं वर्गात वाचायचे, आमची कधी वाचलीच नाहीत. कोणी भरली, आजही ठाऊक नाही. वडील विचारायला गेले तर बाई म्हणाल्या, गावाला जाल तेव्हा तांदूळ आणा. आणले. १० किलो, एसटीच्या टपावरून. वाटेत पोतं उसवलं ती वेगळी गोष्ट. संप काही मिटला नाही.

निवांत
पोत्याची गोष्ट आधी सांगा 😄

पार्लेकर_मावशी
२६ जुलै २००५. मी सातवीत, शाळा अंधेरीला. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला ते नंतर कळलं, तेव्हा फक्त मैदान दिसेनासं झालं होतं. रात्री चाळीसेक मुलं शाळेतच. कँटीनमध्ये वड्यांचं बेसन तेवढं उरलं होतं, शिपाईकाकांनी पिठलं टाकलं. सकाळी एका बोहरी मैत्रिणीचे वडील छातीभर पाण्यातून आले आणि आम्हा चौघींना घरी घेऊन गेले. एकाच मोठ्या थाळाभोवती सगळे बसलो. आधी चिमूटभर मीठ चाखायचं असतं, मी थेट भातावर हात टाकला. तिची आजी हसली. आजही तिच्याकडे गेले की मीठ पुढे करते.

कुलाबा_बस
त्या दिवशी कुलाब्यात ७३ मिमी. बातम्या लागेपर्यंत आम्हाला पत्ताच नव्हता.

निवांत
तुम्हाला एरवी तरी कुठे असतो :P

पोळीवाली
माझा मुलगा शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून लागला, लॉटरीत नाव आलं. विनाअनुदानित शाळा आहे, नाव घेत नाही. फी नाही, पण सहल, प्रोजेक्टचं सामान, वाढदिवसाला सगळ्यांना गिफ्ट, हे कोण भरणार? मी पोळ्यांची कामं करते. त्याच्या वाढदिवसाला वर्गात ३५ छोट्या पुरणपोळ्या दिल्या. पहिले सहा महिने त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं, त्यानंतर ‘पुरणपोळी’ नाव पडलं. त्याला आवडतं, मला नाही. दोन आयांनी ऑर्डर दिली. एकीचे पैसे अजून यायचेत.

चाळकरीण
पोळीवाली, पैसे सोडू नका हं. आणि तुम्ही कुठे देता? मी माटुंग्याला आहे.

पोळीवाली
सायनपर्यंत देते ताई. माटुंगा होईल.

खडूफळा
चाळकरीण, तसला निरोप मीच लिहिते, शिक्षिका आहे. शेंगदाण्याच्या चटणीने एका मुलाचे ओठ सुजले, तेव्हापासून. घाबरले होते खूप. तरी दुसरीतले दोघे पाण्याच्या बाटल्या भरायला म्हणून जातात आणि जिन्यात डबे बदलतात. त्यांना कसली ॲलर्जी नाही हे आयांना विचारून ठेवलंय. मग मला जिना दिसत नाही.

(बाकीचं नंतर लिहिते, कुकर झाला.)

लालबागी
पोतं कशेडी घाटात उसवलं. मागच्या गाडीवाल्याला अक्षता पडल्या, एवढंच.

निवांत
मेलो 😂 जवळ्याची कृती द्या ना कोणीतरी.

लालबागी
आधी कोरडा भाजायचा, मग धुवायचा. उलटं करू नका. कांदा, कोकम, तिखट, बस.

चाळकरीण
आणलाय आज. पण आई इथेच राहायला आलीय. गॅलरीत भाजू का?