मदत हवी आहे: ज्येष्ठांच्या इंग्रजी वर्गासाठी नाट्यप्रवेश

नमस्कार मंडळी. कोथरूडला सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांना इंग्रजी संभाषण शिकवते. व्याकरण काढलं की सगळे गप्प, पण नाटकातला प्रवेश हातात दिला की पंचाहत्तरीच्या काकूसुद्धा ठसक्यात बोलतात! ‘ती फुलराणी’ सगळ्यांच्या आवडीची, म्हणून तिचं मूळ, बर्नार्ड शॉचं १९१३ साली रंगमंचावर आलेलं ‘पिग्मॅलियन’ घेतलंय. त्यातल्या नायिकेची, एलायझाची, सुरुवातीची कॉकनी (लंडनच्या कामगारवस्तीतली) बोली मात्र फार अडते. तो भाग गाळू, की १९३८चा चित्रपट आधी दाखवू?

शिवाय दोन पात्रांचे, डॉक्टरांकडचे किंवा विमानतळावरचे छोटे प्रवेश कुणाकडे आहेत का? वाक्प्रचार संवादातच गुंफलेले हवेत. नुसती यादी कुणाच्या लक्षात राहत नाही. मोठ्या टायपातली प्रत असेल तर फारच उत्तम. परदेशातल्या नातवंडांशी मोकळेपणी बोलायचंय हो त्यांना!