इन्सुलिनला कसं कळतं कुठल्या पेशीला चिकटायचं?

कृष्णाकाठची (सांगली):
आईला इन्सुलिन चालू होऊन दोन महिने झाले, जेवणाआधी मीच पेन लावते. पोटाची चिमूट धरायची, टोचायचं, दहा अंक मोजून सुई काढायची. काल मोजता मोजता डोक्यात आलं, रक्त तर डोक्यापासून टाचेपर्यंत फिरतंय, मग इन्सुलिनला कसं कळतं कुठं थांबायचं? त्याच रक्तात ग्लुकागॉन नावाचं हार्मोन पण असतं आणि ते बरोब्बर उलटं काम करतं, दोघांची गल्लत कशी होत नाही? कॉलेजात कुलूप-किल्ली एवढंच शिकवलेलं.

सातारी_बायोकेम:
ताई, त्याला कळत काहीच नाही, ते नुसतं सगळीकडे धडकत फिरतं. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं प्रोटीन, दोन साखळ्या, एक २१ ची एक ३० ची. त्याच्या अंगावरचे खड्डे-उंचवटे, प्लस-मायनस चार्ज आणि पाण्यापासून पळणारे भाग जिथं समोरच्याशी जुळतात तिथंच ते टिकतं, बाकी ठिकाणी टेकून लगेच सुटतं. एकेक बंध अगदी कमजोर असतो पण बरेच एकदम जुळले की पकड बसते. आणि कुलूप-किल्ली अर्धवटच आहे, कारण चिकटताना इन्सुलिनच्या मोठ्या साखळीचं टोक बाजूला उघडतं, रिसेप्टरचाही, म्हणजे पेशीवरच्या ज्या प्रोटीनला ते चिकटतं त्याचाही, आकार बदलतो, आणि त्या बदलानंच पेशीच्या आत निरोप पोचतो. ग्लुकागॉन २९ अमिनो आम्लांचं, त्याचा रिसेप्टर पार वेगळ्या घडणीचा, म्हणून गल्लत नाही. लिव्हरवर दोन्ही रिसेप्टर भरपूर असतात, स्नायूत मात्र ग्लुकागॉनचे जवळजवळ नसतातच, तिथं ते आलं काय नि गेलं काय.

मिरजवाला:
आमच्या घरी सतारी बनतात म्हणून सांगतो. तरफेच्या, म्हणजे खालच्या बारीक, प्रत्येक तारेवर कागदाची बारीक घडी ठेवा आणि वरची तार छेडा, त्याच सुरात लावलेल्या तारेवरचा कागद उडतो, बाकीचे जागेवर. हवा तर सगळ्या तारांना लागली ना. असंच काहीतरी म्हणायचं का?

सातारी_बायोकेम:
दादा, लय भारी. फरक एवढाच की इथं कंप नाही, प्रत्यक्ष अंगाला अंग लागावं लागतं. पण सूर जवळपास असला तर तार थोडी थरथरते ना, तसं इथंही होतं. आयजीएफ-१ नावाचं वाढीचं प्रोटीन इन्सुलिनचंच भावंड, त्याच्या रिसेप्टरलाही इन्सुलिन चिकटतं, पण फार ढिलं.

कृष्णाकाठची (सांगली):
मग रिसेप्टरच बिघडला तर?

सातारी_बायोकेम:
तसा आजार आहे, लॅरॉन सिंड्रोम. रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर, पण त्याचा रिसेप्टर जन्मापासून सदोष, त्यामुळे उंची वाढत नाही. हार्मोनची इंजेक्शनं देऊन उपयोग होत नाही, मग त्याच्या पुढची पायरी, म्हणजे वर सांगितलेलं आयजीएफ-१, थेट देतात. आईंच्या बाबतीत मात्र, टाईप टू असेल तर, रिसेप्टरला इन्सुलिन बहुतेक नीट चिकटतं, आतला निरोप पुढं जाताना कमजोर पडतो.

कृष्णाकाठची (सांगली):
टाईप टूच आहे. आता दहा अंक मोजताना हेच आठवणार, आईलाही सांगते.