मदत हवी आहे: अधीन राहून हिशेब विचारता येतो का?

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे. कापूस वेचणाऱ्या बाया रविवारी पदराची गाठ सोडून घडी पडलेली नोट दानपेटीत टाकतात. त्या दानाचा हिशेब उपासनेनंतर वाचून दाखवावा, एवढेच आम्ही काही तरुणांनी सुचवले, तेव्हा बायबलमधील इब्री 13:17 हे वचन दाखवून, पुढाऱ्यांच्या अधीन राहणे हाच नम्रपणा आहे, असे आम्हांला सांगण्यात आले. ते वचन मला मनापासून मान्य आहे आणि पाळकांविषयीचा (पास्टरांविषयीचा) माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. मात्र पेत्राच्या पहिल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात तरुणांना अधीनतेची आज्ञा देण्यापूर्वीच वडिलांना, म्हणजे मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, कळपावर (मंडळीतल्या लोकांवर) धनीपण न करण्याची ताकीद आहे. 2 करिंथ 8:20-21 मध्ये तर दानाच्या व्यवस्थेबद्दल कोणी दोष लावू नये, म्हणून देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही चोख राहण्याची काळजी प्रेषित पौल स्वतः घेतो. असे असताना हीच विनंती पुन्हा केल्यास ती बंडखोरी ठरेल काय? ज्यांच्या मंडळीत असा प्रसंग आला असेल त्यांनी कृपया सांगावे, की आधी पाळकांना घरी एकट्याने भेटावे, की वडिलांच्या सभेपुढे लेखी अर्ज ठेवावा.