जुनी पाकिटं लगेच फेकू नका हो

वर कुणीतरी विचारलंय की मागच्या वर्षीची उरलेली बियांची पाकिटं टाकून द्यायची का, तर थांबा जरा, थंडीत बागेत तसंही फार काम नसतं, तेव्हा आधी बी तपासून घ्या. मी काय करते, १० बिया मोजून ओल्या टिश्यू पेपरवर ठेवते, घडी घालून डब्यात, झाकण नुसतं टेकवलेलं, आणि डबा घरातल्या उबदार कोपऱ्यात. टोमॅटोला साधारण आठवडा लागतो, मिरची मात्र दोन-तीन आठवडे सुद्धा घेते, अंत बघते अगदी! १० पैकी ७-८ उगवल्या तर बिनधास्त वापरा, ४-५ आल्या तर दुप्पट पेरा, एखादीच आली तर मग नवीन आणा. टोमॅटोचं बी कोरडं ठेवलं तर ४-५ वर्षं टिकतं, कांद्याचं मात्र वर्षभरानंतर भरवसा नाही. (मागे एकदा मी कांदा न तपासताच पेरला आणि महिनाभर रिकाम्या मातीला पाणी घालत बसले, घरचे अजून हसतात.) मोड आलेल्या बिया टाकू नका, खिडकीत चांगलं ऊन येत असेल तर पांढरं मूळ कागदात अडकायच्या आत हळूच उचलून छोट्या कुंडीत लावा. आणि हो, कुंड्या आत्ताच घासून ठेवा, नंतर वेळच मिळत नाही.