पोटातल्या चरबीच्या स्टेम सेल परत टोचून शुगर सुटते का? दादाला जाऊ द्यावं का?

विश्रामबागकर:
आमचा दादा 52 वर्षांचा, शुगर आठ वर्षांपासून, पोट सुटलेलं. गेल्या रविवारी तो सांगलीत एका दवाखान्याच्या शिबिराला जाऊन आला. पोटाची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या स्टेम सेल (ज्यांतून नव्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) वेगळ्या करायच्या आणि शिरेतून परत सोडायच्या. मग शरीर स्वतःच चरबी जाळतं आणि शुगर सुटते, असं तिथं सांगितलं. खर्च दोन लाखांच्या वर. यार्डातून हळदीचे पैसे आले की करायचंच, असं दादाने ठरवलंय.

माझा ठाम विरोध आहे. चरबीत स्टेम सेल असतात हे 2001 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, त्यात वाद नाही. पण त्याच पेशींतून नव्या चरबीपेशी तयार होतात. मग त्या टोचून चरबी कमी कशी होणार?

हरिपूररोड:
तुमचा विरोध समजतो, पण कारण चुकतंय. मी बायोटेक केलंय. नवी चरबीपेशी म्हणजे वाईटच, असं नाही. नव्या पेशी पुरेशा तयार झाल्या नाहीत तर जुन्याच फुगत जातात, आणि तिथं न मावलेली चरबी यकृतात नि स्नायूंत साठते. मग इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांकडे बघा: अंगावर चरबी जवळपास नाही, आणि शुगर मात्र भयंकर.

दुसरं, तपकिरी चरबी. ती साखर आणि चरबी जाळून उष्णता तयार करते, आणि मोठ्या माणसांतही ती काम करत असते हे 2009 मध्ये पक्कं झालं. 2020 साली बॉस्टनच्या जॉस्लिन या मधुमेह संशोधन केंद्राने माणसाच्या पांढऱ्या चरबीच्या मूळ पेशींत यूसीपी1 हे तपकिरी चरबीला उष्णता तयार करायला लावणारं जनुक चालू केलं आणि त्या उंदरांत बसवल्या. उंदरांच्या शरीराला साखर जास्त चांगली पेलायला लागली. या वाटेवर दार लावून घेऊ नका.

विश्रामबागकर:
लिपोडिस्ट्रॉफीचा मुद्दा मान्य, मला माहीत नव्हता. पण त्या पेशींचं जनुक मुद्दाम चालू केलं होतं, आणि त्या उंदरांच्या अंगात बसवल्या होत्या. दादाला साध्याच पेशी शिरेतून मिळणार. शिरेतून सोडलेल्या अशा पेशी बहुतेक फुप्फुसातच अडकतात. चरबीपर्यंत पोचणार कधी?

हळदबाजार:
मला उंदरांचं कळत नाही. मी अकरा वर्षं दोन वेळा इन्सुलिन टोचून घेतोय. पायाला मुंग्या येतात, लग्नात पंगतीला बसलो तरी बुंदीच्या लाडवाकडे बघायची चोरी. अशा माणसाला कुणी आशा दाखवली तर तो जाणारच. पैसा दादांचा, शरीर दादांचं. भावाने अडवायचं कशाला?

मिरजेची सिस्टर:
हळदबाजार दादा, तुमच्यासारखा त्रास मी वॉर्डात रोज बघते, म्हणूनच लिहिते. आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर, नोंदणी झालेल्या संशोधन चाचणीतच (ट्रायलमध्ये) द्यायच्या. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. दोन लाख मागितले, तिथंच कळायला हवं.

‘स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला’ हेही खरं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीच्या पेशी टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली. 2017 साली ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. डोळा आणि शीर सारखी नाही, कबूल. पण स्वतःच्या पेशीही घात करतात.

हरिपूररोड:
पैसे देऊ नयेत, इथं मी ताईंच्या बाजूने. तरीही माझं म्हणणं सोडत नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक यांचा फोटो आठवा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला, 2004 चा. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. चरबी मात्र इंग्रजाची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. दिसायला बारीक, आत चरबी, ही आपली घडण. हे संशोधन सर्वांत जास्त आपल्याला हवंय. नोंदणी झालेली चाचणी जवळपास निघाली तर आपल्या माणसांनी त्यात जायला हवं.

विश्रामबागकर:
आज दादाच्या फोनवरून त्या दवाखान्याला चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारला. ‘आधी अॅडव्हान्स भरा, कागद नंतर दाखवू’ म्हणाले. दादा ऐकत होता, काही बोलला नाही.

हळदबाजार:
अॅडव्हान्स भरू नका म्हणावं दादांना. पण आशा सोडा असं मला कुणी सांगू नका. क्रमांकवाली चाचणी निघाली तर सिस्टरताई, इथं कळवा. पहिलं नाव माझं लिहा.