अनुभव धागा: तिचं ऑफिस, तिची पोरं

रानजाई (मेरीलँड)

मार्च 2022 मध्ये केतान्जी ब्राउन जॅक्सन यांची सिनेटसमोर सुनावणी चालली होती. आम्ही दोघी-तिघी डबे घेऊन ऑफिसच्या टीव्हीपुढे उभ्या. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातली पहिली कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश होऊ घातलेली ही बाई आपल्या दोन मुलींना उद्देशून म्हणाली, करिअर आणि आईपण यांचा मेळ मला दरवेळी साधला नाही, हे कबूल करते.

शेजारी माझी साहेबीण उभी होती. तीही कृष्णवर्णीय, तीन मुलांची आई, हाताखाली चाळीस माणसं. काटा डब्यातच ठेवून म्हणाली, "हे असं बोलायला आधी तिथवर पोचावं लागतं. मी मीटिंगमध्ये बोलले तर पुढचं प्रमोशन विसरायचं."

तिच्या कॅलेंडरवर दर दुसऱ्या गुरुवारी 'बजेट रिव्ह्यू' असायचा. दोन वर्षांनी मला कळलं की तो धाकट्याच्या स्पीच थेरपीचा तास होता. मी मात्र मुलाला ताप आला की सगळ्या टीमला मेल टाकून मोकळी व्हायचे. मला चालायचं, तिला चालत नव्हतं.

आपल्या देशी पार्ट्यांमध्ये या बायकांबद्दल काय बोललं जातं ते आपण सगळ्यांनी ऐकलंय, काहींनी बोललंही असेल. म्हणून यशस्वी कृष्णवर्णीय आयांवर हा धागा. स्वतः बघितलेलं लिहा. ओळख पटेल अशी नावं नकोत. आणि 'काळी' हा शब्द आपल्या घरांत ज्या सुरात वापरतात, त्या सुरात इथे नको.

नाशिककर (अटलांटा)

माझी बायको कृष्णवर्णीय अमेरिकन आहे, भूलतज्ज्ञ. लेकीच्या वेळी प्रत्येक तपासणीला ती हॉस्पिटलचा बॅज गळ्यात तसाच ठेवून जायची. मी एकदा हसलो. म्हणाली, "सेरेनाचं वाचलंस ना?" 2017 मध्ये सेरेना विल्यम्सला सिझेरियननंतर श्वास लागला. आधी गुठळ्या होऊन गेलेल्या, त्यामुळे सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करायचं औषध द्या, असं ती स्वतः सांगत होती. तरी आधी पायांचा अल्ट्रासाउंड झाला. सीटी केला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. एवढी पैसेवाली, जगभर नाव असलेली बाई.

आमची वेळ बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी आली. डोकं ठणकत होतं, पावलांवर सूज. फोनवर नर्स म्हणाली, नवीन आई आहात, झोप होत नसेल. बायकोने कपाटातून बीपीचं मशीन काढलं. 168 वर 112. मी बाळाला कारसीटमध्ये अडकवत होतो आणि ही एका हाताने डोकं धरून फोनवर एकेक वाक्य सावकाश उच्चारत होती, 'मी डॉक्टर आहे' पासून सुरुवात करून. बीपी बाळंतपणानंतरही असं चढतं, झटके येऊ शकतात. त्या रात्री झटके टाळायला मॅग्नेशियम लावलं आणि बचावली.

अमेरिकेच्या सरकारी आकड्यांत 2023 मध्ये 1 लाख जिवंत जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या 14.5. शिक्षण, पगार वाढला म्हणून ही दरी बुजत नाही. माझ्या घरात दोन डिग्र्या होत्या, तरी संकट अंगणापर्यंत आलंच होतं.

माझी आई नाशिकहून डिंकाचे लाडू घेऊन आली, सासूबाई मेकनहून कॉर्नब्रेडचा तवा घेऊन. बायकोला सुट्टी बारा आठवडे, त्यातली निम्मी बिनपगारी. इथला 1993 चा कायदा नोकरी राखतो, पगार देत नाही. आई हे ऐकून हादरली. सासूबाईंना काहीच वाटलं नाही. त्यांची आई एका गोऱ्या कुटुंबाकडे स्वयंपाकाला होती, त्या कुटुंबाची पोरं वाढवत होती. घरची पोरं थोरल्या बहिणीच्या गळ्यात. "बाईने घरी राहावं की कामाला जावं, हा प्रश्न आमच्या घरी कुणी विचारलाच नाही," असं म्हणाल्या.

खडीसाखर

वाचतेय. नाशिककर, आई आणि सासूबाई एका स्वयंपाकघरात कशा नांदल्या तेही लिहा!

सुरंगी (लंडन)

माझी सीनियर मिडवाइफ नुकतीच निवृत्त झाली, मूळची जमेकाची. तिची आई साठच्या दशकात नर्सिंगला इथे आली. त्या काळी कॅरिबियनमधून आलेल्या कित्येक मुलींना खालच्या दर्जाच्या 'एनरोल्ड' नर्सच्या कोर्सला बसवत, ज्यातून बढतीची वाट जवळपास बंदच. कोणता कोर्स कशाचा, हे सांगायचंही नाही. माझी ही सीनियर तेव्हा लहान, जमेकात आजीपाशी. पार्सलं यायची: साबण, फ्रॉक, एक नंबर मोठे बूट. आईला मापच ठाऊक नव्हतं.

मला आमच्या देवगडच्या घरातली मनीऑर्डर आठवली. फक्त आमच्याकडे मुंबईला बाप जायचा.

सातव्या वर्षी तिला इथे आणलं. विमानतळावर कोट घातलेली बाई पुढे आली, ही आजीच्या ओळखीच्या बाईमागे लपली. "आईला मी 'मॅडम' म्हटलं," हे ती हसत सांगायची. मात्र रोस्टर तिच्या हाती आल्यापासून वॉर्डातल्या कुठल्याही नर्सला मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी ड्यूटी लागली नाही. कुणाची असो. कुरकुर करणारे मोठे डॉक्टर पाहिलेत मी त्या दिवशी, तरी ती बधायची नाही.

गवतीचहा (क्वीन्स)

'यशस्वी' म्हणजे डॉक्टर, वकील, साहेबीणच का? माझ्या लेकीला दोन वर्षं त्रिनिदादच्या एका ताईंनी सांभाळलं. मी मॅनहॅटनमध्ये नोकरी करायचे, सहाला येते सांगून आठला उगवायचे. त्या कधी काही बोलल्या नाहीत. त्यांना नऊ वर्षांचा मुलगा होता हे मला माहीत होतं. तो त्या दोन तासांत कुठे असतो, हे मी विचारलं नाही. एकदाही नाही. आज लिहितानाही कसंतरी होतंय.

एकदा प्रॅम धुवायला काढली, तर खालच्या कप्प्यात रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा. एकीकडे औषधाचं नाव, दुसरीकडे डोस. बाई नर्सिंगचा अभ्यास करत होत्या, माझ्या मुलीला बागेत फिरवता फिरवता. पोर झोपली की कार्ड. आज त्या रजिस्टर्ड नर्स आहेत. मुलगा इंजिनिअरिंगला.

किमान वेतनाचा अमेरिकेचा 1938 चा कायदा घरकाम आणि शेतमजुरी सोडून केला होता. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत ही दोन्ही कामं मुख्यतः कृष्णवर्णीयच करत होते. घरकामगार त्यात यायला 1974 उजाडलं. न्यूयॉर्कने 2010 मध्ये वेगळा कायदा केला, ओव्हरटाइम, आठवड्याची सुट्टी वगैरे. मी ओव्हरटाइम द्यायचे, पण त्यांनी मागितल्यावर.

रानजाई

गवतीचहा, मथळ्यात मी 'ऑफिस' लिहिलं, चूक माझी. बदलता येत नाहीये.

टप्पा_आऊट

धाग्यावर पुरुष कमी दिसतायत म्हणून हजेरी. धावण्यातलं सांगतो. अमेरिकेची धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्स हिला 2018 मध्ये गरोदरपणात बीपी चढून 32 व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. करार वाढवताना बुटांच्या कंपनीने 70 टक्के कमी पैसे देऊ केले, शिवाय बाळंतपणानंतरच्या काळात वेळ थोडी घसरली तर दंड नको, एवढं कागदावर द्यायलाही तयार नव्हते. हे तिने 2019 मध्ये पेपरात लिहिलं. गलका झाला, कंपनीने धोरण बदललं. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती स्वतःच्या ब्रँडचे बूट घालून धावली आणि ऑलिंपिक पदकं 11 वर नेली. पॅरिस 2024 च्या क्रीडाग्रामात खेळाडू आयांसाठी पाळणाघर झालं त्यातही तिचा हात.

तिच्याबरोबर रिओत 4x100 चं सुवर्ण जिंकलेली टोरी बोवी 2023 मध्ये आठ महिन्यांची गरोदर असताना घरात एकटीच गेली. 32 वर्षांची होती. तिच्या 100 मीटर शर्यतीचा व्हिडिओ मी पुन्हा लावत नाही.

नाशिककर

खडीसाखर, स्वयंपाकघराचं ठीक होतं. भांडण केसांवरून झालं.

लेक तीन वर्षांची असताना आई परत आली. रविवारी सकाळी बायकोला ड्यूटी, मी दूध आणायला. आईने नातीला पुढ्यात घेतलं, खोबरेल चोपडलं आणि आमच्या घरातली बारीक फणी, कोरड्या केसांत, वरून खाली. पोरगी किंचाळत होती. आई म्हणे, गुंता आहे, सवय होईल. बायको घरात शिरली, फणी हातातून घेतली, एक शब्द न बोलता खोलीत गेली. अर्धा दिवस घरात सन्नाटा.

तीन वाजता तीच बाहेर आली. पाण्याचा स्प्रे, कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा टेबलावर मांडला आणि आईला म्हणाली, "बसा." भाग पाडून क्लिपा लावायच्या, केस ओले ठेवायचे, टोकापासून सुरू करून हळूहळू वर यायचं. आईला इंग्रजी जेमतेम, पण हात बघत होती. पावणेतीन तास लागले. मध्ये बायकोला हॉस्पिटलचा फोन आला, तिने मान तिरकी करून खांद्याने धरला आणि बोलत राहिली. तेवढ्यात आईने तिच्या हातातली बट स्वतःकडे घेतली आणि पुढचे तीन पेड घातले. तिसरा जरा सैल आला. बायकोने फोन ठेवला, तो बघितला आणि तसाच राहू दिला.